सांध्याचा धनी कोण?

यंदाच्या अंकाचा विषय ‘जोडणारे हात’ असल्याचं संपादकांनी कळवलं, तेव्हा मी बोल्टवर लिहितो म्हणालो. पोलादी बांधकामातले बोल्ट. रेल्वेचे पादचारी पूल, मेट्रो स्थानकांची छपरं, एमआयडीसीतल्या शेड, उड्डाणपुलांचे गर्डर, या सगळ्यांचे तुकडे दूर कुठेतरी कापले जातात, त्यांना भोकं पाडली जातात आणि ट्रेलरवरून ते मुक्कामी येतात. अंधेरीच्या गोखले पुलाच्या गर्डरचे भाग तर थेट हरियाणातल्या अंबाल्याहून आले. उंचावर, वाऱ्यापावसात वेल्डिंग करणं अवघड आणि ते तपासणं त्याहून अवघड. त्यामुळे जागेवर तुकड्याला तुकडा जोडायचं काम बहुतेक ठिकाणी बोल्टकडेच येतं.

तुळई किती खोल, खांब किती जाड, यावर बैठकांमागून बैठका होतात. सांध्याच्या वाट्याला मात्र पुष्कळ नकाशांवर एकच ओळ येते: ‘जोडणीचा तपशील फॅब्रिकेटरने करावा.’ या ओळीत मुळात गैर काही नाही. आपल्या यंत्रांवर काय सोपं जाईल, ट्रेलरवर केवढा तुकडा मावेल, हे फॅब्रिकेटरलाच चांगलं ठाऊक असतं. पण त्या सांध्यातून किती बल जाणार आहे हे त्या ओळीशेजारी लिहिलेलं नसलं, तर काय होतं? फॅब्रिकेटर मागच्या कामातला सांधा उचलून इथे बसवतो. डिझायनर ड्रॉइंगवर नजर टाकतो, मापं जुळतात म्हणून शिक्का मारतो. दोघंही आपापलं काम केल्याच्या समाधानात असतात आणि हिशेब कुणीच केलेला नसतो. सांधा बेवारस राहतो. तो कुणाकुणाच्या हातून जातो हे बघायला मी निघालो.

सहा सूत आणि वीस मिलिमीटर

वाडा तालुक्यातल्या एका फॅब्रिकेटरच्या शेडमध्ये शिरलं की आधी कानात ग्राइंडर भरतो. एका बाजूला प्लेटा कापायचं यंत्र, मधे वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि पलीकडे ड्रिलिंगचं यंत्र पांढुरक्या कूलंटमध्ये भिजत एकामागून एक भोकं पाडत असतं. फोरमन मूळचे सांगलीकडचे, उमेदवारी सूतांच्या, म्हणजे इंचाच्या आठव्या भागांच्या, काळात केलेले. आजही एम-२० बोल्टला ते ‘सहा सुती’च म्हणतात, पण ड्रॉइंग वाचताना मिलिमीटरला चुकत नाहीत.

वीस मिलिमीटरच्या बोल्टला भोक बावीसचं. ही दोन मिलिमीटरची मोकळीक जोडणी शक्य व्हावी म्हणून ठेवलेली असते. बारा मीटरचा गर्डर क्रेनला लटकत असताना दोन्हीकडची भोकं केसभरही इकडेतिकडे न होता समोरासमोर येतील अशी आशा कुणीच धरत नाही. पण याचा दुसरा अर्थ असा, की भार आल्यावर प्लेट किंचित सरकते आणि मग एकेक बोल्ट भोकाच्या कडेला टेकतो. सगळे एकाच क्षणी टेकत नाहीत. जो आधी टेकला त्याच्याजवळचं पोलाद थोडं दबतं, नमतं घेतं, तोवर शेजारचा टेकतो. पोलादाच्या या नमतं घेण्यावर आपला सगळा हिशेब उभा आहे. ते काचेसारखं ठिसूळ असतं तर भार सगळ्या बोल्टांत सारखा वाटला जातो असं धरून चालता आलं नसतं.

फोरमननी दोन बोल्ट माझ्या तळहातावर ठेवले. दोन्ही एम-२०, दोन्ही काळपट, वजनाला सारखे. एकाच्या डोक्यावर ४.६ कोरलेलं, दुसऱ्याच्या ८.८. ठिपक्याच्या आधीच्या आकड्याला शंभरनं गुणलं की बोल्ट तुटायची ताकद मिळते, दर चौरस मिलिमीटरला ४०० किंवा ८०० न्यूटन. ठिपक्यानंतरचा आकडा सांगतो, की या ताकदीच्या कितव्या हिश्शाला बोल्ट कायमचा ताणला जाईल. आयएस ८०० या आपल्या भारतीय मानकाप्रमाणे, आटे कापरेषेत, म्हणजे सरकणाऱ्या प्लेटा बोल्टला जिथे कापू पाहतात तिथे, येत असतील तर पहिला बोल्ट एका कापाला साधारण ४५ किलोन्यूटन, म्हणजे साडेचार टन घेतो. दुसरा ९०. नुसत्या नजरेला फरक शून्य, ताकदीत दुप्पट.

“पोत्यात मिसळले की गेलं,” फोरमन म्हणाले. “पोरगं उंचावर बसलेलं असतं, डोक्यावरचा नंबर वाचत बसत नाही. म्हणून आमच्याकडं एका साइटला एका मापाचा एकच ग्रेड जातो. चार पैसे जास्त गेले तरी चालतील.”

हा नियम कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सापडणार नाही. माझ्या मते तो कित्येक हिशेबांपेक्षा जास्त माणसं वाचवतो.

कडेपासूनचं अंतर

पुण्यातल्या एका डिझाइन कचेरीत मला ज्या इंजिनिअरबाईंनी वेळ दिला, त्यांच्या टेबलावर दोन पडदे होते आणि पडद्यांपुढे पेन्सिल आणि कोरे कागद. सॉफ्टवेअर सांधा हिरव्या रंगात ‘पास’ दाखवतं. त्यांचा तपास त्यानंतर सुरू होतो. कागदावर सांधा काढायचा आणि तो कुठकुठून मोडू शकतो ते एकेक करून शोधायचं.

बोल्ट कापला जाईल का, हा प्रश्न सगळ्यांना सुचतो. बहुतेक वेळा तिथे काही बिघडत नाही. बिघडतं प्लेटमध्ये. फायलीत लावलेला कागद जोरात ओढला की भोकापासून कडेपर्यंत फाटून हातात येतो. पोलादाची प्लेटही तशीच फाटते. म्हणून भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत किमान अंतर ठेवावं लागतं. कड यंत्रानं नीट कापलेली असेल तर भोकाच्या व्यासाच्या दीडपट, कातरलेली किंवा हातानं गॅसनं कापलेली असेल तर १.७ पट. बावीसच्या भोकाला दीडपट म्हणजे ३३ मिलिमीटर.

आठ मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी प्लेटचा हिशेब त्यांनी माझ्यासमोर मांडला. बोल्ट ८.८ चा, ९० किलोन्यूटन घेणारा. कड ३३ मिलिमीटरवर असेल तर प्लेट त्या भोकापाशी जेमतेम ६५ किलोन्यूटन घेते. म्हणजे महागडा बोल्ट घेऊनही उपयोग नाही, प्लेट आधी हार मानणार. कड ५० वर नेली तर तीच प्लेट ९९ पर्यंत जाते आणि मग बोल्टची ताकद पुरती वापरता येते. उलट साइटवर तुकडा अडतोय म्हणून कुणी गॅसनं कडेचे आठ मिलिमीटर उडवले आणि अंतर २५ वर आलं, तर हिशेब ५० वर घसरतो. मानकाला ते अंतर मुळी मान्यच नाही. आठ मिलिमीटर म्हणजे करंगळीच्या रुंदीएवढंही नाही. तेवढ्यात पाव ताकद जाते.

मग भोकांमुळे कमी झालेला प्लेटचा छेद ओढ सोसेल का, हे बघायचं. बोल्टांच्या ओळीला धरून प्लेटचा अख्खा चौकोनच निखळून येणार नाही ना, एका बाजूनं कापून आणि दुसऱ्या बाजूनं फाटून, हेही बघायचं. बोल्ट कमी आणि जवळजवळ असले की हा धोका वाढतो. लांबलचक सांध्यात टोकाचे बोल्ट मधल्यांपेक्षा जास्त भार ओढून घेतात, म्हणून मानक तिथे क्षमता कमी धरायला लावतं.

खांबावर ब्रॅकेट असेल तर भार बोल्टांच्या मध्यातून जात नाही, बाजूला पडतो. बोल्टांचा सगळा गट त्या मध्याभोवती फिरू पाहतो आणि मध्यापासून सर्वांत लांबचा बोल्ट सर्वांत आधी मेटाकुटीला येतो. “भागिले सहा करून मोकळं व्हायचं नाही,” बाई म्हणाल्या. त्यांच्या हाताखाली नवी आलेली मुलं हमखास हेच करतात: ६ बोल्ट आहेत ना, मग भार भागिले ६.

ओढ सोसणाऱ्या सांध्यात आणखी एक गंमतशीर गोष्ट घडते. तुळईच्या टोकाची प्लेट (एंड प्लेट) पातळ असली तर ओढीनं ती बोल्टांमध्ये वाकते, तिच्या कडा मागच्या पोलादावर रेटल्या जातात आणि त्या रेट्याचा भारही बोल्टच्याच माथी येतो. बाहेरून १० टन ओढ आलेली असताना बोल्टांना मिळून १३ टनही सोसावे लागू शकतात. प्लेट जाड केली की हा फुकटचा भार उतरतो. म्हणजे बोल्ट वाचवायचा तर कधी कधी प्लेटीवर खर्च करावा लागतो.

सगळ्यांत जास्त वेळ त्या ज्या प्रश्नावर थांबल्या तो आकड्यांचा नव्हता. सांगाड्याचं गणित करताना तुळईचं टोक मोकळेपणी वळू शकतं असं धरलं असेल, तर सांधाही तसाच वळणारा हवा. तुळईच्या वरखालच्या आडव्या पट्ट्यांना, म्हणजे दोन्ही फ्लॅंजांना, बोल्ट ठोकून तो ताठ केला, तर ज्या खांबाला वाकवणारं बल येणारच नाही असं गृहीत होतं, त्या खांबात ते जातं. सांधा वाजवीपेक्षा मजबूत केला म्हणजे भलं केलं असं होत नाही. कागदावर जे मानलं तेच जागेवर घडायला हवं. आणि हो, पाना फिरायला जागा हवी. नटापासून तुळईच्या उभ्या प्लेटीपर्यंत (वेबपर्यंत) पाना बसतच नाही असे सांधे हिरव्या रंगात ‘पास’ होऊन साइटवर पोचतात.

घट्ट म्हणजे किती

जुन्या रेल्वे पुलांवर जे गोल टोप्यांचे दाणे दिसतात ते रिव्हेट. लालबुंद तापवून, फेकून, झेलून, भोकात घालून ठोकायचे. एका रिव्हेटमागे चौघांची टोळी लागे. निवताना रिव्हेट आक्रसायचा आणि प्लेटा एकमेकींवर आवळायचा. कलकत्त्याचा १९४३चा हावडा पूल असा उभा आहे. आजचा ताण दिलेला उच्च शक्तीचा बोल्ट हेच काम थंडपणे आणि जास्त नेमकं करतो.

पुलांसारख्या सतत हादरे सोसणाऱ्या ठिकाणी बोल्ट भोकाच्या कडेला टेकलेला चालत नाही. तिथे बोल्ट इतका आवळतात, की प्लेटा सरकतच नाहीत. भार बोल्टमधून जातच नाही, प्लेटांमधल्या घर्षणातून जातो. एम-२०च्या ८.८ बोल्टमध्ये आवळल्यावर सुमारे १३७ किलोन्यूटनचा ताण बसतो, म्हणजे एकेका बोल्टमागे प्लेटा १४ टनांनी एकमेकींवर दाबल्या जातात.

आता इथे रंगाचा डबा येतो. शॉट ब्लास्टिंग केलेल्या, खरखरीत, स्वच्छ पृष्ठभागाला मानक ०.५ एवढा घर्षणांक देतं. काहीच न केलेल्या पृष्ठभागाला ०.२. शेंदरी रेड लेड फासलेल्याला ०.१. सुरक्षेचे गुणक लावण्याआधीचा हिशेब धरला, तर पहिल्या सांध्यात एक बोल्ट ७ टनांपर्यंत सरकू देत नाही आणि तिसऱ्यात दीड टनालाही पुरत नाही. बोल्ट तोच, पाना तोच, मेहनत तेवढीच. म्हणून वाड्याच्या शेडमध्ये सांध्याच्या जागी चिकटपट्टी लावून मगच रंग मारतात. पट्टी लावायला विसरलेला गर्डर रंगानं देखणा दिसतो आणि तो परत ब्लास्टिंगला पाठवावा लागतो.

१४ टनांचा ताण बसला हे ओळखायचं कसं? टॉर्क रेंच सुमारे ५५० न्यूटन-मीटरला लावायचा, म्हणजे मीटरभर दांड्यावर ५५ किलोंचा जोर. ऐकायला सोपं आहे. पण त्या जोरातला साधारण ९० टक्के भाग नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणातच खर्ची पडतो, ताणासाठी उरतो सुमारे दहावा हिस्सा. आट्यांवर तेल असलं की त्याच टॉर्कला ताण भलताच वाढतो, गंज असला की कमी पडतो. उघड्यावर पावसात भिजलेलं बोल्टांचं खोकं आणि नवं कोरं खोकं यांना एकच टॉर्क लावणं म्हणजे दोन वेगळे सांधे बांधणं आहे. म्हणून आलेल्या प्रत्येक खेपेतले काही बोल्ट ताण मोजणाऱ्या यंत्रात घालून, टॉर्क तिथे ठरवून, मगच काम सुरू करावं लागतं. हे होतं का, असं मी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांतल्या अनेकांनी विषय बदलला.

दुसरी पद्धत फेऱ्याची. आधी एका माणसाच्या पूर्ण जोरानं साध्या पान्यानं नट घट्ट करायचा, प्लेटा एकमेकींना टेकल्या पाहिजेत. मग बोल्टचं टोक, नट आणि प्लेट यांवरून एक सरळ रेघ ओढायची आणि बोल्टच्या लांबीनुसार नट आणखी तिसरा हिस्सा किंवा अर्धा फेरा फिरवायचा. नटावरची रेघ किती सरकली ते खालून दुर्बिणीनंही दिसतं. फिरवताना पलीकडचं डोकं दुसऱ्या पान्यानं धरून ठेवायला हवं, नाहीतर अख्खा बोल्ट फिरतो आणि रेघ खोटं बोलते. मला ही पद्धत जास्त प्रामाणिक वाटते. ती तेलावर आणि गंजावर एवढी अवलंबून नाही, आणि काम झाल्याची खूण मागे ठेवते.

जास्त ताकदीचा बोल्ट म्हणजे जास्त निर्धास्त, असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजच्या नव्या भागात २०१३ साली जस्ताचा मुलामा दिलेल्या ९६ उच्च शक्तीच्या सळ्या आवळल्या आणि काही दिवसांत त्यांतल्या ३२ तुटल्या. पोलाद जितकं कठीण, तितका त्यात शिरणारा हायड्रोजन त्याला ठिसूळ करतो.

एका नटावर दोन मजले

सांधा बेवारस राहिला की काय होतं, याचं सर्वांत भयंकर उदाहरण अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचं आहे. हयात रीजन्सी हॉटेलच्या उंच दालनात दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या पातळीवर लोखंडी सळ्यांना टांगलेले पादचारी मार्ग होते. दुसऱ्या मजल्याचा मार्ग चौथ्याच्या बरोबर खाली. १७ जुलै १९८१च्या संध्याकाळी खाली नाच चालू होता, मार्गांवर बघ्यांची गर्दी होती. चौथ्या मजल्याचा मार्ग निखळून दुसऱ्यावर पडला आणि दोन्ही खालच्या गर्दीवर. ११४ माणसं गेली, दोनशेहून अधिक जखमी झाली.

मूळ रचनेत छतापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत एकच सलग सळई होती. ती चौथ्या मजल्याच्या आडव्या तुळईतून आरपार जायची आणि त्या तुळईखालच्या नटावर फक्त चौथ्या मजल्याचा भार असायचा. पण तो नट मधोमध बसवायचा तर सळईला लांबवर आटे पाडावे लागणार होते. ते टाळायला फॅब्रिकेटरच्या शॉप ड्रॉइंगमध्ये एकीच्या दोन सळया झाल्या: वरची छतापासून चौथ्या मजल्यापर्यंत, खालची चौथ्या मजल्याच्या तुळईपासून दुसऱ्यापर्यंत. दिसायला किरकोळ बदल. पण आता दुसरा मजला थेट छताला टांगलेला राहिला नाही, तो चौथ्या मजल्याच्या तुळईला टांगला गेला. तुळईखालच्या त्या नटावर एकाऐवजी दोन मजल्यांचा भार आला.

तुळई दोन चॅनल तोंडाला तोंड लावून वेल्ड केलेली होती आणि भोक नेमकं त्या वेल्डच्या रेषेतून गेलेलं. भार वाढला तसं पोलाद वाकलं, भोक फाकलं आणि नट वॉशरसकट आरपार निघाला. नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या तपासात असं दिसलं, की मूळचा एका सळईचा सांधाही शहराच्या नियमानं हव्या असलेल्या क्षमतेच्या जेमतेम ६० टक्केच होता. त्या जोडणीचा हिशेब कुणीच केलेला नव्हता. फॅब्रिकेटरच्या बाजूनं समजूत होती, की तो डिझायनरनं केला. डिझायनरच्या बाजूनं समजूत होती, की तो फॅब्रिकेटर करील. शॉप ड्रॉइंगवर मात्र इंजिनिअरचा शिक्का होता. दोघा इंजिनिअरांचे परवाने रद्द झाले. शिक्का मारला म्हणजे जबाबदारी घेतली, हे त्या निकालानं ठाम केलं.

मिनियापोलिसमध्ये १ ऑगस्ट २००७ रोजी मिसिसिपी नदीवरचा महामार्गाचा पूल ऐन गर्दीत कोसळला, १३ माणसं गेली. तिथे दोष निघाला गसेट प्लेटांचा, म्हणजे कैचीचे तुकडे जिथे एकत्र येतात त्या जोडप्लेटांचा. काही ठिकाणी त्या हव्या त्याच्या निम्म्याच जाडीच्या होत्या, एक इंचाऐवजी अर्धा इंच. चार दशकं पूल उभा राहिला, त्याच्या तपासण्या होत राहिल्या, वर रस्त्याचे थर चढत गेले. पण पुलाची क्षमता पुन्हा काढताना तुकडे तपासले जायचे, जोडप्लेटा तपासायची रीतच नव्हती. वाकलेल्या प्लेटा आधीच्या छायाचित्रांत दिसत होत्या.

रात्रीचा ब्लॉक

मुंबईच्या एका उपनगरी स्थानकावर पादचारी पुलाचा गर्डर चढवायचा होता. डिझाइन पुण्याच्या त्याच कचेरीचं, गर्डर वाड्याच्या त्याच शेडमधला. शेवटची लोकल गेल्यावर ब्लॉक मिळाला, डोक्यावरची २५ हजार व्होल्टची तार बंद झाली आणि क्रेननं बूम उचलला. ब्लॉक म्हणजे मोजून मिळालेला वेळ. पहाटेची पहिली गाडी कुणासाठी थांबत नाही. सांध्याची खरी परीक्षा या घाईत होते.

आधी टोळीनं भोकांत निमुळते पिन ठोकून गर्डर जागेवर आणला, मग मोकळ्या भोकांत बोल्ट घातले. हातानं फिरतील तेवढेच. सगळे बसल्यावर मधल्या बोल्टांपासून कडांकडे आवळत जायचं. कडेपासून सुरुवात केली तर मधे प्लेटांत फट अडकून राहते, आणि एक बोल्ट आवळला की आधीचा ढिला पडतो. टोळीचा मुकादम झारखंडचा, पंचविशीतला. प्रत्येक नटावर पिवळ्या मार्करनं रेघ ओढताना तो दर वेळी बोटानं वॉशर चाचपत होता.

खालच्या फ्लॅंजवर दोन भोकं जुळेनात. जवळपास पाच मिलिमीटरचा फरक. पिन शिरेना. हेल्परनं न सांगता गॅसकटरकडे हात नेला. साइट इंजिनिअरनं तो तिथल्या तिथे थांबवला. गॅसनं भोक मोठं केलं की भोकाच्या कडा खडबडीत होतात, त्यांच्याभोवतीचं पोलाद तापून बदलतं, वॉशरखाली दाबायला पुरेसा भाग उरत नाही आणि कडेपासूनचं अंतरही खाल्लं जातं. त्यानं पुण्याला फोन लावला. रात्रीचे तीन वाजत आले होते, पण त्या इंजिनिअरबाई जाग्याच होत्या. गर्डर चढतोय त्या रात्री त्या फोन जवळ ठेवतात.

“मॅडम, दोन बोल्ट कमी घालून गर्डर सोडला तर?”

त्यांनी उलट विचारलं, की गर्डरवर आत्ता काय काय आहे. स्लॅब नाही, कठडा नाही, माणसं नाहीत, फक्त स्वतःचं वजन. मग पाच-सात मिनिटं फोनवर नुसता कागदाचा आवाज. स्वतःच्या वजनाला आणि वाऱ्याला उरलेले बोल्ट पुरतात, म्हणाल्या. पण त्या सांध्याची प्लेट बदलल्याशिवाय वर एक किलो सिमेंट चढवायचं नाही, आणि हे लेखी पाठवते.

क्रेननं हूक सोडला. फोरमन वाड्याहून आलेच होते. ब्लॉक संपायच्या आत त्यांनी फ्लॅंजच्या भोकांवर पातळ पत्रा धरून खडूनं कडा उमटवून घेतल्या. नवी जोडप्लेट आता ड्रॉइंगवरून पाडून उपयोग नव्हता, जागेवरच्या भोकांवरूनच पाडावी लागणार होती. पत्रा गुंडाळून ते खाली उतरले तेव्हा साइट इंजिनिअरचा फोन पुन्हा वाजला.

“फोरमनमामांना सांगा, पत्र्याचा फोटो आधी मला. भोकं सरकली म्हणजे कडेपासूनचं अंतरही सरकलं. तेहतीसच्या आत येत असेल तर प्लेट रुंद करावी लागेल. मी बघते, मग ड्रिल लावा.”